कुमठ्याची रुई आणि लिंकनची निवडणूक

तारकर्लीला रापण ओढून झाली, की जाळ्यात काय आलं यापेक्षा काय आलं नाही यावरच जास्त बोलणं होतं. मागच्या हिवाळ्यात मी असाच तिथे उभा होतो. दोन्हीकडचे दोर वाळूवर वेटोळी घालून पडलेले, बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, आणि सकाळभर पंचवीस-तीस माणसांनी ओढलेल्या जाळ्यातून निघाले चार टोपल्या पेडवे. बांगडा नव्हता. एक तरणा रापणकर म्हणाला, "येक तास आदी घातली असती तर बांगडो गावलो असतो." दुसऱ्याने मान हलवली. "आदी घालून काय झाला असता? वारो फिरलो नसतो तर गावलो असतो." मग एका वयस्कर माणसाने दोघांनाही गप्प केलं, "आतेक मिशी असती तर…" पुढचं सगळ्यांना पाठ असल्याने वाक्य तिथेच राहिलं आणि वाटे पाडायला सुरुवात झाली.

आत्याबाईच्या मिशांची म्हण आपण जर-तरचं बोलणं मोडीत काढायला वापरतो. त्या दोघा पोरांचं बोलणं मात्र मोडीत काढण्यासारखं नव्हतं. एकाने फक्त वेळ बदलली. वारा, जाळं, माणसं तीच ठेवली. दुसऱ्याने फक्त वारा बदलला. बांगडा नेमका कशामुळे हुकला हे शोधायची याहून सरळ रीत नाही. 'अमुक कारणामुळे तमुक घडलं' असं इतिहासकार लिहितो तेव्हा तोही मनातल्या मनात हेच करत असतो. ते कारण बाजूला काढलं तर घटना उभी राहते की कोसळते, हे चाचपून पाहतो. पथ्यं दोनच. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, आणि त्या काळच्या माणसांना जे ठाऊक नव्हतं ते त्यांच्या पदरात टाकायचं नाही.

या रीतीने मला एक निवडणूक तपासून पाहायची आहे. ८ नोव्हेंबर १८६४ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेने आपला राष्ट्राध्यक्ष निवडला. अब्राहम लिंकन तेव्हा हरला असता तर काय झालं असतं, हा तिकडचा आवडता प्रश्न आहे. तो तारकर्लीत विचारायलाही कारण आहे. त्या मतदानाच्या नुसत्या चाहुलीने ज्या मालाचा भाव वर-खाली होत होता, त्या मालाचा एक मोठा ओघ याच किनाऱ्यासमोरून मुंबईला जात होता.

तो माल म्हणजे कापूस. कोकणात कापूस म्हटला की सावरीचा. परसातल्या सावरीची बोंडं फुटली, की अंगणभर म्हाताऱ्या उडतात आणि घरातल्या उशा भरून घेतल्या जातात. त्यातला चिमूटभर घेऊन दोन बोटांत पिळून पाहा. धागा होत नाही. तंतू गुळगुळीत असतो, शेजारच्याला धरत नाही, सुटतो आणि उडून जातो. खऱ्या कापसाच्या तंतूला मुळातच पीळ असतो, म्हणून तो दुसऱ्याला धरून राहतो. त्यातही लांबीचा फरक. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाचा तंतू इंचभर, कधी थोडा जास्त. मुंबईहून जाणाऱ्या देशी कापसाला विलायतेत सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा तंतू पाऊण इंचाच्या आसपास. लँकेशायरच्या गिरण्यांची यंत्रं लांब तंतूसाठी बेतलेली, सुरती कापूस त्यांच्यावर सारखा तुटायचा. त्यामुळे युद्धाआधी ब्रिटनला लागणाऱ्या कापसातला तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस एकट्या अमेरिकेतून येई. तो वेचणारे हात गुलामांचे होते. १८६० च्या अमेरिकी खानेसुमारीत जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत.

एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटलं आणि लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. सुरुवातीला ती ढिली होती, मग आवळत गेली. लिव्हरपूलच्या बाजारात सुरती कापूस पौंडाला चार-पाच पेनी होता, तो १८६४ पर्यंत वीस पेनींच्या वर गेला. कालपर्यंत नाक मुरडून घेतला जाणारा आखूड तंतूचा कापूस सोन्याच्या मोलाचा झाला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस मुंबईकडे धावू लागला. आणि धारवाडचाही.

धारवाडच्या काळ्या जमिनीत १८४० च्या दशकात सरकारने अमेरिकी बियाणं लावून पाहिलं होतं आणि ते तिथे रुजलं. हा 'धारवाड-अमेरिकन' कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात यायचा आणि तिथून फत्तेमाऱ्यांनी मुंबईला जायचा. त्याच्यासाठी मँचेस्टरच्या लोकांनी सरकारमागे इतका लकडा लावला, की कारवारचं बंदर उभं राहावं म्हणून १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. एका पिकासाठी इलाख्याची हद्द सरकली.

कुमठ्याहून निघालेल्या फत्तेमारीची वाट नकाशावर सरळ दिसते, समुद्रावर ती तशी नसते. कारवार, गोवा, वेंगुर्ला, मग निवतीसमोरचे खडक बाहेरून टाळायचे, कर्ली नदीचं मुख आणि तारकर्लीची लांबलचक पांढरी वाळू उजव्या हाताला ठेवायची, पुढे सिंधुदुर्ग किल्ला, देवगड, विजयदुर्ग. हिवाळ्यात वारा उत्तरेकडचा, म्हणजे मुंबईला जाणाऱ्याच्या तोंडावर. तेव्हा तांडेल रात्री जमिनीवरून वाहणारा मतलई वारा धरून बाहेर सरकायचा आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर पुन्हा किनाऱ्याकडे यायचा. असं नागमोडी वर चढत जायचं. रुई वजनाला हलकी, पण जागा खाणारी. पोट भरलं की वरही रचायची आणि लाटेच्या तुषारांपासून झाकायची. भिजली तर भाव पडे. भाव इतका चढल्यावर मुद्दाम भिजवणारेही निघाले. गाठीत सरकी, माती, दगड घालून वजन वाढवण्याचे प्रकार एवढे बोकाळले, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातली भेसळ रोखायला खास कायदा करावा लागला.

आता अमेरिकेत जाऊ. १८६४ चा उन्हाळा लिंकनला अत्यंत वाईट गेला. व्हर्जिनियात उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या सैन्याची भयंकर हानी होत होती आणि दक्षिणेची राजधानी रिचमंड हाती येत नव्हती. जॉर्जियात उत्तरेचाच जनरल शर्मन अटलांटाबाहेर अडकला होता. लोक युद्धाला विटले होते. २३ ऑगस्टला लिंकनने एक चिठ्ठी लिहिली, घडी घालून बंद केली आणि आपल्या मंत्र्यांना न वाचताच तिच्या पाठीवर सह्या करायला लावल्या. आत लिहिलं होतं, की हे सरकार पुन्हा निवडून येईल असं दिसत नाही. तेव्हा निवडणूक आणि नव्या अध्यक्षाचा शपथविधी यांच्या मधल्या काळात त्या नव्या माणसाला सोबत घेऊन देशाची एकी वाचवणं हे आपलं कर्तव्य राहील, कारण ज्या वचनांवर तो निवडून येईल ती वचनं पाळून त्याला ती नंतर वाचवता येणार नाही. सत्तेवर बसलेल्या माणसाने ऐन युद्धात, आपण हरणार असं धरून, तरीही मतदान होऊ द्यायचं ठरवलं. मला या चिठ्ठीइतका लोकशाहीचा सच्चा कागद दुसरा माहीत नाही.

समोर उभा होता जॉर्ज मॅक्लेलन, लिंकननेच १८६२ मध्ये सेनापतिपदावरून दूर केलेला जनरल. त्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाने ऑगस्टअखेर शिकागोत ठराव केला, की युद्ध फसलं आहे, ते थांबवून बोलणी करावीत. मॅक्लेलनने आठवडाभरात त्या ठरावाशी फारकत घेतली. आधी देशाची एकी, मग शांतता, असं तो म्हणाला. गुलामांची मुक्ती ही मात्र त्याची अट नव्हती. आणि ठराव व फारकत या दोहोंच्या मध्ये, २ सप्टेंबरला, अटलांटा पडलं. हवा फिरली. नोव्हेंबरात लिंकनला २१२ प्रतिनिधी-मतं मिळाली, मॅक्लेलनला २१. छावणीत मतदान करणाऱ्या सैनिकांनी तर आपल्या जुन्या लाडक्या सेनापतीला सोडून दर चारांत तिघांहून जास्त मतं लिंकनला दिली.

२१२ विरुद्ध २१ हे आकडे एकतर्फी दिसतात, पण ते फसवे आहेत. जनतेची मतं साधारण ५५ विरुद्ध ४५ टक्के अशी होती. न्यूयॉर्कसारखं सगळ्यात मोठं राज्य लिंकनने सात हजारांपेक्षाही कमी मतांनी घेतलं. शंभरातल्या पाच मतदारांनी सगळीकडे सारखंच मन बदललं असतं, तर न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, इंडियाना, कनेक्टिकट आणि न्यू हॅम्पशायर ही राज्यं उलटली असती आणि मॅक्लेलन निवडून आला असता. अटलांटा आणखी दोन महिने टिकलं असतं, तर शंभरातल्या पाचांचं मन बदलणं मला मुळीच अशक्य वाटत नाही. जुलैत दक्षिणेने आपला सावध सेनापती जॉन्स्टन बदलून उतावळा हूड नेमला नसता, तर अटलांटा टिकण्याची शक्यताही होती. तेव्हा हलवायची ती एक गोष्ट हीच धरू. जॉन्स्टन आपल्या जागी राहिला, अटलांटा डिसेंबरपर्यंत लढत राहिलं, लिंकन हरला.

मुंबईत ही बातमी महिनाभराने, डिसेंबरात पोहोचली असती. अटलांटिकच्या तळातून टिकाऊ तार १८६६ ची. तोवर अमेरिकेची बातमी आगबोटीने लंडनला आणि तिथून टपालाने इकडे येई. डिसेंबर १८६४ ची मुंबई कशी होती? १ फेब्रुवारी १८६४ ला तिची पहिली शिरगणती झाली होती, तेव्हा माणसं भरली ८,१६,५६२. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये छापून आलं, पण ते ज्या शहराचं वर्णन करतं ते शहर दोन वर्षांत ओळखू येईनासं झालं. गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याचे तट पाडायला घेतले होते. कापसाच्या चढ्या भावातून युद्धाच्या काळात मुंबईच्या पदरी सात-आठ कोटी पौंड जास्तीचे पडले असा तेव्हाचा हिशेब आहे. एवढा पैसा गुंतवायला धंदेच नव्हते, म्हणून कंपन्या निघाल्या. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका होत्या. समुद्र भरून जमीन काढणाऱ्या ८ कंपन्या होत्या. त्यांतल्या बॅकबे रिक्लेमेशनच्या, ५ हजार भरलेल्या शेअरचा भाव ५० हजारांच्या घरात गेला. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर कर्ज मिळे, कारण १८६३ च्या नव्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर पैसे द्यायची मुभा मिळाली होती. ज्या शेअरवर कर्ज, त्या कर्जातून तेच शेअर. दलाल, कारकून, घरगडी, सगळ्यांनी उडी घेतली, आणि सौदे झाले पुढच्या तारखेचे. १ जुलै १८६५ ला माल आणि पैसे पुरे करायचे होते.

या शहराचं हित कशात होतं, ते नीट पाहिलं पाहिजे. मुंबईला लिंकन हवा होता की मॅक्लेलन? खरं तर तिला दोघंही नको होते, तिला युद्ध हवं होतं. १८६४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेत समेट होणार अशा नुसत्या वावड्यांनी लिव्हरपूलचा बाजार कोसळला होता. लिंकन निवडून आल्यावर, म्हणजे युद्ध चालणार हे कळल्यावर, तो पुन्हा सावरला. मुंबईच्या पेढ्यांवर ज्या दिवशी समाधानाचे सुस्कारे निघाले असतील, त्या दिवशी व्हर्जिनियाच्या खंदकांत माणसं चिखलात रुतून बसली होती. हे लिहिताना मला जड जातं, पण ते टाळून या विषयावर लिहिता येत नाही.

आता आपल्या जर-तरच्या जगात डिसेंबर १८६४ ला टपाल येतं: मॅक्लेलन आला, समेट होणार. भाव त्याच आठवड्यात बसला असता. ऑक्टोबरात नुसत्या वावडीने जे झालं ते निकालाने दुप्पट जोराने झालं असतं. आणि इथे माझं अनुमान असं, की मुंबईचं नुकसान कमी झालं असतं. सगळ्यात वेडे सौदे आणि सगळ्यात कुजकी कर्जं त्या हिवाळ्यातली आणि पुढच्या वसंतातली. फुगा डिसेंबरात फुटला असता तर तो लहान असताना फुटला असता. खऱ्या इतिहासात १८६५ च्या सुरुवातीपासून भाव घसरू लागले होते, तरी लोक खेळत राहिले. मग ९ एप्रिलला दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली, ती बातमी आली, आणि मे महिन्यात मोठमोठ्या पेढ्या बुडू लागल्या. १ जुलैला पुरे करायचे सौदे कोणीच पुरे करू शकलं नाही. दिवाळखोरांची संख्या एवढी, की त्यांच्यासाठी १८६५ मध्येच वेगळा कायदा झाला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० वरून ८७ रुपयांवर आला आणि पुढे १८६८ मध्ये ती बँकच मिटली. तरुण जमशेटजी टाटा तेव्हा लंडनमध्ये पेढी काढायला गेलेले होते. सोबत नेलेले शेअरचे कागद त्यांच्या हातात असतानाच रद्दी झाले.

काही गोष्टी मात्र दोन्ही जगांत सारख्याच राहतात. प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी दिलेली चार लाखांची देणगी १८६४ मध्ये, मतदानाच्या आधीच झालेली होती. म्हणजे त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर लिंकन हरला असता तरी उभा राहिला असता. फुगा फुटणंही टळलं नसतंच. अमेरिकेत कोणीही निवडून आलं तरी युद्ध कधीतरी संपणार होतं. निवडणुकीने ठरवली ती तारीख.

इथे एक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेव्हा नवा अध्यक्ष ४ मार्चला शपथ घेई. म्हणजे नोव्हेंबरात हरलेला लिंकन आणखी चार महिने सैन्याचा सरसेनापती राहिला असता, आणि त्या बंद चिठ्ठीत त्याने या चार महिन्यांत काय करायचं तेच लिहून ठेवलं होतं. तो सर्वशक्तीनिशी लढला असता. प्रत्यक्षात दक्षिणेचं कंबरडं मोडलं ते ४ मार्चनंतर जेमतेम पाच आठवड्यांत. म्हणून अनेक अभ्यासकांना वाटतं, की मॅक्लेलन आला तरी विजयी सैन्याच्या डोक्यावर येऊन बसला असता आणि दक्षिण वेगळी झाली नसती. मलाही तसंच वाटतं, पण आपल्या जगात अटलांटा तीन महिने उशिरा पडलेलं आहे. शर्मनने जॉर्जियातून समुद्रापर्यंत जी मुसंडी मारली ती १५ नोव्हेंबरला अटलांटाहून निघून. डिसेंबरपर्यंत अटलांटा लढत असतं तर ती मुसंडी त्या हिवाळ्यात झाली नसती. चार महिने पुरले नसते.

आणि पुरले असते तरी एक गोष्ट हातून गेली असती. गुलामगिरी कायमची रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती कनिष्ठ सभागृहात जून १८६४ मध्ये एकदा पडली होती. निवडणूक जिंकल्यावर लिंकनने तिच्यामागे आपलं सगळं वजन लावलं आणि ३१ जानेवारी १८६५ ला ती मंजूर झाली. मतं हवी होती ११७, पडली ११९. दोन मतं. हरलेल्या, निघून चाललेल्या अध्यक्षासाठी विरोधी पक्षातल्या त्या डळमळीत सभासदांनी मत दिलं असतं, असं मला वाटत नाही. जिंकलेला मॅक्लेलन बोलणी करायला बसला असता तेव्हा दक्षिणेने पहिली मागणी गुलाम परत मिळण्याची केली असती, आणि त्याच्याकडे नाही म्हणायला जनतेचा कौल नसता. उत्तरेच्या सैन्यात दाखल झालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं काय झालं असतं, हा विचार मनात आला की जर-तर हा खेळ राहत नाही.

याचा धागा पुण्यापर्यंत येतो. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतः झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुण्यातल्या एका माणसाने आठ वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला निकाल आपल्या लोकांसाठी पुरावा म्हणून हातात घेतला: माणसाला माणसाचा मालक करणारी व्यवस्था कायद्याने संपवता येते, ती एका मोठ्या देशात संपली आहे. मॅक्लेलनच्या अमेरिकेत हा पुरावा नसता. फुल्यांनी पुस्तक लिहिलंच असतं, त्यांचा राग अमेरिकेवर अवलंबून नव्हता. त्या पहिल्या पानावर मात्र दुसरं कोणाचं तरी नाव असतं, किंवा कोणाचंच नसतं.

शेतकऱ्याकडे आलं की हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. युद्धाच्या वर्षांत कापसाच्या गावांत पैसा खेळला, सावकाराने हात सैल सोडला, जमिनीच्या तारणावर कर्जं झाली. भाव पडल्यावर कर्जं राहिली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्या दंग्यांची मुळं अनेक आहेत, वाढवलेला शेतसारा हे तर फार मोठं कारण. पण त्यात या तेजीत सैल हाताने दिलेली कर्जंही आहेत. आता गुलामगिरी टिकलेली अमेरिका धरून पाहा. खऱ्या इतिहासात मळ्यांची जुनी घडी मोडली, मजूर मोकळे झाले, आणि अमेरिकी कापसाला जुन्या पातळीवर यायला दशकभर लागलं. तेवढा काळ हिंदुस्थानी कापसाला बाजारात जागा मिळाली. गुलाम राबत राहिले असते तर अमेरिकी कापूस लवकर परतला असता आणि आपला भाव आणखी झपाट्याने, आणखी खोल पडला असता. मिसिसिपीतल्या माणसाच्या पायातली बेडी तुटली आणि त्यामुळे खानदेशातल्या माणसाला थोडी उसंत मिळाली. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं.

राहिला तारकर्लीच्या या किनाऱ्यावरचा, मालवणचा माणूस. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आणि पोटासाठी मुंबईला जाणं या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईतली लाखाहून जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली निघाली. तेजीच्या वर्षांत समुद्रात भराव टाकायला, गोदीत गाठी चढवायला, तटबंदीचे दगड हलवायला माणसं हवी होती, मजुरी चढलेली होती. या माणसाकडे बॅकबेचा शेअर नव्हता. भराव थांबला तेव्हा त्याचं काम थांबलं, एवढंच. १८७२ ला मुंबईची माणसं पुन्हा मोजली तेव्हा भरली ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख कमी. त्यांतली कितीतरी माणसं आपापल्या गावी परत गेलेली असणार.

कशी गेली असतील? मी तारकर्लीला त्या रापणीनंतर वाळूवरून कर्लीच्या मुखाकडे चालत गेलो तेव्हा हाच विचार डोक्यात होता. १ जुलै १८६५ म्हणजे आषाढ. होड्या माडांखाली ओढून झापांनी शाकारलेल्या, फत्तेमाऱ्या खाडीत आत नेऊन ठेवलेल्या, दर्या बंद. नारळी पौर्णिमेला अजून पाच आठवडे होते. काम गेलेल्या माणसाने एक तर तोवर मुंबईत महागाईत दिवस काढायचे, नाही तर पनवेल-महाडच्या वाटेने पावसात चालायला लागायचं आणि एकेक खाडी तरीने ओलांडायची, दोन्ही काठांवर पाणी उतरायची वाट बघत. लिंकन हरला असता तर हेच काम डिसेंबरात गेलं असतं. डिसेंबरात दर्या मोकळा असतो आणि उत्तरेचा वारा मुंबईहून खाली येणाऱ्याच्या पाठीशी असतो. कुमठ्याला रुई भरायला रिकामी परतणारी कुठलीही फत्तेमारी त्याला चार पैशांत घेऊन आली असती, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिंधुदुर्गाचा तट दिसला असता.